ट्रीटी ओक: एका झाडावर केलेली करणी

१९८९ सालच्या वसंतात टेक्सासची राजधानी ऑस्टिन इथे, बेलर स्ट्रीटवरच्या एका चिमुकल्या बागेत, जुन्या ओकच्या बुंध्याजवळचं गवत मेलेलं दिसलं. गवत मेलं म्हणून कोणी घाबरत नाही. माळ्याने तणनाशक जरा सढळ हाताने मारलं असेल, असं वाटून विषय तिथेच राहिला. काही आठवड्यांनी झाडाची पानं करपायला लागली. करपली, गळली, नवी फुटली आणि तीही करपली. तेव्हा मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले. त्यात सापडलं हेक्झाझिनोन, म्हणजे ‘व्हेलपार’ या नावाने विकलं जाणारं, नको असलेली झाडंझुडपं मारायचं औषध. प्रमाण इतकं की तेवढ्यात अशी शंभर झाडं मेली असती.

झाडाचं नाव ट्रीटी ओक, म्हणजे ‘तहाचा ओक’. वय अंदाजे पाचशे वर्षं. अंदाजे म्हणायचं, कारण लाइव्ह ओक या त्याच्या जातीच्या लाकडात वर्षावर्षाची कडी स्पष्ट उमटत नाहीत आणि एवढ्या जुन्या झाडाचा गाभा मोजण्यासारखा उरलेला असेलच असं नाही. विषप्रयोगाआधी त्याच्या फांद्यांचा विस्तार १२७ फूट होता, म्हणजे जवळजवळ ३९ मीटर. १९२७ साली अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनने ‘उत्तर अमेरिकेतल्या झाडाचा सर्वांत परिपूर्ण नमुना’ म्हणून त्याचा गौरव केला होता.

पुढच्या काही महिन्यांत या एका झाडासाठी तज्ज्ञ जमले, कोरा चेक आला, शाळकरी पोरांची पत्रं आली आणि एक माणूस तुरुंगात गेला. मला या प्रकरणात विष घालणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचं कुतूहल आहे. झाडाच्या नावलौकिकानेच त्याला जवळजवळ मारलं आणि त्याच नावलौकिकाने वाचवलं. झाड जगलं ते मात्र या दोन्हींपेक्षा वेगळ्या कारणाने.

आधी झाडाची जात

ओकला मराठीत घरचा शब्द नाही, कारण सह्याद्रीत तो नाही. हिमालयातला बांज हा त्याचा आपल्या देशातला भाऊबंद, तोही सदाहरित. अमेरिकेतले बहुतेक ओक थंडीत पानं टाकून खराट्यासारखे उभे राहतात. त्या उजाड रांगेत हा एकटा हिरवा, म्हणून ‘लाइव्ह’ ओक. ऑस्टिनच्या आसपासची जात क्वर्कस फ्युजिफॉर्मिस. आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रसिद्ध क्वर्कस व्हर्जिनियाना या जातीची ही कोरड्या, चुनखडीच्या जमिनीवरची सख्खी बहीण.

‘सदाहरित’ हा शब्द थोडा फसवा आहे. लाइव्ह ओकही पानं टाकतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पालवी अगदी तोंडाशी आलेली असताना. जुनी गळतात, मागोमाग नवी फुटतात आणि झाड नागडं असं फार थोडे दिवस दिसतं. आपल्या प्रकरणात हा तपशील महत्त्वाचा आहे. हेक्झाझिनोन मुळांवाटे आत शिरतं आणि पाण्याच्या ओढीबरोबर वर पानांपर्यंत जातं. नवी पालवी फुटत असताना पाण्याची ओढ जोरात असते. विष मुळाशी आणि झाड पालवीवर असं गाठलं, तर झाड आपल्याच हाताने ते वर ओढणार.

या जातीचा खरा जीव जमिनीखाली असतो. ओकचं टोपी घातलेलं फळ शरद ऋतूत पडलं की लगेच रुजतं आणि वर दोन पानं दिसायच्या आधी खाली एक छोटासा कंद तयार होतो. पिष्टाचा साठा त्यात. वरची कोवळी काडी हरणाने खाल्ली, वणव्यात जळली, उन्हात सुकली, तरी कंदातून पुन्हा फूट येते. मोठं झाल्यावरही सवय तीच. मुळांवरून धुमारे फुटतात आणि एकाच मुळाच्या जाळ्यावर झाडांचं बेट उभं राहतं. मध्य टेक्सासच्या माळांवर शेकडो वर्षं गवताचे वणवे लागत आले आणि लाइव्ह ओकची ही बेटं त्यातून पुन्हा पुन्हा वर आली. वरचं गेलं तरी चालेल, खालचं राहिलं पाहिजे, असा या झाडाचा हिशेब. विष घालणाऱ्याने नेमका तो खालचाच साठा गाठला.

त्याच्या अंगाखांद्यावर इतरांचेही संसार असतात. फळात कडवट टॅनिन तुलनेने कमी, त्यामुळे हरणं, रानटर्की, खारी, निळे ‘जे’ पक्षी सगळेच त्यावर टपलेले. फांद्यांवर बॉल मॉस नावाचे करड्या धाग्यांचे गोळे दिसतात. झाडाचं रक्त पिणारं बांडगूळ समजून घरमालक पैसे देऊन ते काढून घेतात. प्रत्यक्षात ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. ती फांदीचा फक्त आधार घेते आणि अन्न-पाणी हवेतून मिळवते. बिचारीची बदनामी मात्र वर्षानुवर्षं चालू आहे.

दंतकथा आणि तिची किंमत

हे झाड म्हणे चौदा ओकच्या एका राईतलं शेवटचं उरलेलं. ‘कौन्सिल ओक्स’ म्हणत त्या राईला. कोमांची आणि टोंकावा या जमातींच्या बैठका तिथे होत, असं सांगतात. लढाईवर गेलेला नवरा सुखरूप परत यावा म्हणून बायका ओकच्या फळांचा मध घातलेला काढा पीत, अशीही कथा आहे. ‘तह’ म्हणजे टेक्सासच्या वसाहतीचा जनक स्टीफन ऑस्टिन याने या झाडाखाली मूळ रहिवाशांशी केलेला सीमेचा करार. त्याचा कागद कुठेही नाही. स्टीफन ऑस्टिन वारला १८३६ साली आणि त्याच्या नावाचं हे शहर वसलं १८३९ साली, एवढं ध्यानात घेतलं की कथेकडे जरा सावध नजरेनेच पाहावंसं वाटतं. गव्हर्नर सॅम ह्यूस्टन १८६१ साली पदावरून दूर झाल्यावर याच सावलीत येऊन बसला, हीसुद्धा ऐकीवच गोष्ट. त्याने दक्षिणेच्या बंडखोर संघराज्याची शपथ घ्यायला नकार दिला होता आणि म्हणून त्याला काढलं, हा मात्र इतिहास.

पण कथा खोटी असली तरी तिने काम खरं केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही जागा एका खासगी कुटुंबाची होती. १९२६ साली त्या घरातल्या विधवा बाईंना मालमत्ता कर झेपेना, तेव्हा त्यांनी जागा विकायला काढली. किंमत सांगितली ७,००० डॉलर. इतिहासप्रेमी मंडळींनी विधिमंडळाकडे खेटे घातले, पण पैसे निघाले नाहीत. अखेर १९३७ साली शहराने १,००० डॉलर देऊन जागा घेतली आणि तिथे फलक लावला. नुसता एक मोठा ओक म्हणून कोणी हजार डॉलरही दिले नसते, असा माझा कयास आहे. राईतल्या बाकीच्या तेरांना ही राखण मिळाली नाही. शहर वाढत गेलं तसे ते संपले.

कथेचं माप नाही, पण लाकडाचं आहे, आणि लाइव्ह ओकच्या बाबतीत माणसाला आधी लाकडाचीच ओढ होती. अमेरिकेतल्या सर्वांत जड लाकडांपैकी हे एक. सरळ फळ्या निघत नाहीत, पण फांद्या निसर्गतःच अशा वाकलेल्या की जहाजाच्या सांगाड्याचे बाकदार भाग त्यातून आयते मिळत. १७९७ साली पाण्यात उतरलेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेच्या बरगड्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या लाइव्ह ओकच्या. १८१२च्या युद्धात इंग्रजांच्या तोफांचे गोळे तिच्या अंगावरून उसळून परत गेले आणि तिचं नाव ‘ओल्ड आयर्नसाइड्स’ पडलं. १८२८ साली तर सरकारने फ्लोरिडात पेन्साकोलाजवळ आरमारासाठी लाइव्ह ओकचं राखीव रान केलं. पुढे लोखंडी जहाजं आली आणि झाडाची ती किंमत संपली. ऑस्टिनच्या झाडाची किंमत मात्र त्याच्या गोष्टीत होती आणि तिला लोखंडाचा धोका नव्हता.

कोणी आणि का

व्हेलपार बनवणाऱ्या ड्यू पाँट कंपनीने गुन्हेगाराला पकडून देणाऱ्यासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. माणूस सापडला तो त्याच्या तोंडामुळे. झाडाला विष घातल्याची बढाई त्याने ओळखीच्यांपुढे मारली होती. कारण काय? ज्या बाईवर त्याचा जीव जडला होता तिच्याकडून दाद मिळत नव्हती. मनातलं ते प्रेम मारून टाकण्यासाठी त्याने तोडगा केला. झाड जसं वाळत जाईल तसं आपलं प्रेम वाळत जाईल.

इंग्रजी बातमीदारांना यासाठी ‘जादूटोणा’, ‘मंत्र’ असे शब्द वापरावे लागले. मराठी माणसाला ‘करणी’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. वडा-पिंपळाच्या खोडात ठोकलेले खिळे, टाचलेल्या काळ्या बाहुल्या, लिंबं आपण पाहिलेली असतात. एकाची पीडा झाडाच्या माथी मारायची, ही कल्पना टेक्सासची नव्हेच. फरक इतकाच की आपल्याकडे खिळा ठोकतात, त्याने शेतीच्या दुकानात मिळणारं रसायन ओतलं. आणि तोडग्याला हेच झाड का? गावातला कुठलाही ओक चालला असता. पण करणी करायची तर ज्यात शक्ती आहे असं लोक मानतात, त्याच झाडावर करायला हवी. तहाची कथा, तो काढा, १९२७चा तो गौरव या सगळ्याने झाडाला जे तेज चढवलं होतं, त्यानेच या माणसाला तिथे आणलं.

१९९० साली तो दोषी ठरला. शिक्षा नऊ वर्षं. टेक्सासच्या कायद्यात मालमत्तेच्या नासधुशीचा गुन्हा किती गंभीर हे नुकसानीच्या रकमेवरून ठरतं, म्हणजे कोर्टातही प्रश्न घुमून-फिरून तोच: या झाडाची किंमत किती? १९३७ साली जमिनीसकट हजार डॉलरला घेतलेलं हे झाड. नऊ वर्षं ऐकून अनेकांना शिक्षा जास्त वाटली, अनेकांना कमी. झाडासाठी माणूस इतकी वर्षं आत, याची सवय आपल्यापैकी कोणालाच नसते.

विष आणि उतारा

हेक्झाझिनोन पानात पोहोचल्यावर काय करतं हे कळलं की उपचार इतके विचित्र का होते ते कळतं. पान उजेड पकडून त्यातली ऊर्जा साखर बनवण्याकडे वळवतं. या वाटेवर सुरुवातीलाच एक टप्पा आहे. हेक्झाझिनोन तिथेच जाऊन बसतं आणि वाट अडवतं. आता साखर बनत नाहीच, वर अडलेली ऊर्जा पानाच्याच पेशी जाळते. म्हणजे पान उपाशी मरत नाही, ते उजेडाने करपतं. झाड मग साठवणीतला पिष्ट काढून नवी पानं फोडतं. नवी पानं पाणी ओढतात, पाण्याबरोबर विष येतं, पानं करपतात. पुन्हा साठा मोडायचा, पुन्हा पालवी. वणव्यातून पुन्हा फुटण्याची जी सवय या जातीला शेकडो वर्षं तारत आली, तीच इथे तिला दिवाळखोरीकडे नेत होती.

उपचार करणाऱ्यांसमोर म्हणून एकच ध्येय होतं: वेळ काढायचा. हेक्झाझिनोन मातीत कायमचं राहत नाही. काही महिन्यांत जिवाणू त्याचं विघटन करतात आणि पाण्यात ते चांगलं विरघळतं. तोवर झाडाची शिल्लक पुरली तर ते वाचेल.

बुंध्याभोवतीची विषारी माती खणून काढली आणि नवी भरली. टेक्सासच्या उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी पानांतून बाष्प जास्त उडतं आणि जितकं बाष्प उडेल तितकं विष वर चढतं. म्हणून झाडाभोवती उंच खांब उभारून पडदे लावले आणि सावली केली. झऱ्याच्या पाण्याचे बारीक तुषार पानांवर सोडणारी यंत्रणा बसवली. हेतू तोच, झाडाची तहान कमी करायची. मुळांच्या भागात साखरेचं पाणीही सोडलं. पानं साखर करू शकत नाहीत तर बाहेरून देऊ, हा विचार ऐकायला सोपा आहे. मुळं मातीतली साखर झाडाला पुरेल इतकी घेऊ शकतात, हे मला पटत नाही. मला विचाराल तर यातलं सर्वांत शहाणं काम सावली आणि तुषारांचं. त्यात झाडाला काही खायला घातलं नव्हतं, फक्त त्याला कमी पाणी प्यायला लावलं होतं.

हा सगळा खर्च कसा भागला? टेक्सासचे उद्योगपती रॉस पेरो यांनी कोरा चेक दिला. कोरा चेक म्हणजे शब्दशः कोरा, रकमेची जागा मोकळी. कुंपण मुलांनी हाताने काढलेल्या ‘लवकर बरा हो’ पत्रांनी भरून गेलं. आजाऱ्याला द्यायच्या चिकन सूपचे डबेही कोणी कोणी झाडापाशी ठेवून गेलं. हसू येतं, पण तो माणूस जे करून गेला त्याच्याच उलट्या दिशेचा हा तोडगा. दोन्ही बाजूंची श्रद्धा एकच: झाडात काहीतरी आहे.

बहुतेक तज्ज्ञांनी झाड जाणार असंच धरलं होतं. ते गेलं नाही. जवळजवळ दोन-तृतीयांश झाड मेलं आणि अर्ध्याहून जास्त विस्तार छाटावा लागला, पण उरलेलं जगलं. याचं श्रेय कोणाला द्यायचं यावर मतं वेगवेगळी असू शकतात. माझं मत असं: माणसांनी विष कमी केलं आणि तहान कमी केली. पण एवढ्या वेळा पालवी काढायला शिल्लक होती ती पाचशे वर्षांची, कंदापासून सुरू झालेली. लहान झाडावर तेवढाच कोरा चेक खर्च केला असता, तरी ते बहुधा पहिल्या दोन-तीन पालव्यांतच संपलं असतं.

तसंच एक, पण उलट संपलेलं

हे पडताळून पाहायला दुसरं एक प्रकरण आहे. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या दारात, टूमर्स कॉर्नरवर दोन लाइव्ह ओक होते. फुटबॉलचा सामना जिंकला की विद्यार्थी त्यांच्यावर टॉयलेट पेपरच्या भेंडोळ्या उधळत. २०१० साली ऑबर्नने अलाबामा विद्यापीठाच्या संघाला हरवल्यावर, हरलेल्या संघाच्या एका भक्ताने या झाडांना टेब्युथियुरॉन घातलं. तोही सापडला बढाईमुळेच. त्याने रेडिओच्या कार्यक्रमाला फोन करून सांगितलं. रसायन पानात करतं ते काम जवळपास तेच. पण टेब्युथियुरॉन मातीत वर्ष-वर्ष टिकतं. तिथेही माती उपसली, उपचार केले, पण एप्रिल २०१३ मध्ये दोन्ही झाडं तोडावी लागली. वेळ काढायचा म्हटलं तरी विषापेक्षा झाडाची शिल्लक जास्त दिवस पुरायला हवी. ऑस्टिनमध्ये पुरली, ऑबर्नमध्ये नाही. इथेही झाडाचा दोष एकच, ते कोणाचं तरी प्रिय होतं.

नंतरची गोष्ट

१९९७ साली ट्रीटी ओकला विषप्रयोगानंतर पहिल्यांदा फळं धरली. शहराच्या कर्मचाऱ्यांनी ती गोळा करून रुजवली आणि रोपं टेक्सासभर व इतर राज्यांत वाटली. ‘ट्रीटी ओकची पोरं’ म्हणून लोक ती मिरवतात. खरंच पोरं आहेत, पण ओकचं परागण वाऱ्याने होतं, तेव्हा बाप कोण ते वाऱ्यालाच माहीत. मूळ झाड आज एका अंगाने कललेलं, लंगडं दिसतं. १९२७च्या त्या ‘परिपूर्ण नमुन्या’ची कल्पना आता फोटोवरूनच करायची.

त्याच्या जातभाईंना गेली काही दशकं वेगळीच पीडा आहे: ओक विल्ट, एक बुरशी. ती झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते आणि लाइव्ह ओक सहसा काही महिन्यांत मरतो. ताज्या जखमेचा रस चाखायला येणारे बारीक भुंगे ती दूरवर नेतात. म्हणून टेक्सासात फेब्रुवारी ते जून ओक छाटू नका आणि कधीही छाटलं तरी जखमेला लगेच रंग लावा असं सांगतात. जवळच्या जवळ मात्र ती मुळांतून पसरते. एका मुळावर वाढलेलं बेट, शेजाऱ्याच्या मुळाशी जुळलेलं मूळ, वणव्यात आधार देणारं हेच जाळं बुरशीला रस्ता होतं. वर्षाला शंभर फुटांपर्यंत ती सरकू शकते. मध्य टेक्सासात या रोगाने गेलेल्या झाडांचा आकडा दहा लाखांच्या पुढे आहे.

ट्रीटी ओकचे तेरा सोबती शहराने संपवले नसते तर त्यालाही हा रस्ता मोकळा असता. एकटं पडणं त्याच्या पथ्यावर पडलं, असं म्हणायला मन धजत नाही, पण मुळांचं गणित तेच सांगतं.

मुळांतून पसरणारा ओक विल्ट रोखायचा मुख्य उपाय साधा आहे. आजारी झाडांच्या पुढे सुमारे शंभर फुटांवर किमान चार फूट खोल चर खणायचा आणि जुळलेली मुळं तोडायची. चर कुंपणं पाहत नाही. तो एकाच्या हिरवळीतून, दुसऱ्याच्या गाडीवाटेखालून, तिसऱ्याच्या परसातून जातो. त्यामुळे आधी शेजाऱ्या-शेजाऱ्यांची बैठक बसवावी लागते: चर कुठून न्यायचा, कोणाची धडधाकट झाडं चराच्या आतल्या बाजूला सोडून द्यायची आणि पैसे कोणी किती घालायचे.